आमच्या गल्लीतली नसबंदी: नऊ कुत्री, चौदा मांजरं आणि हाती न लागणारी काळी

कवडी

गेल्या दीड वर्षात आमच्या गल्लीतल्या नऊ कुत्र्यांची आणि चौदा मांजरांची ऑपरेशनं झाली. हे मी एकटीने केलेलं नाही. आमच्या इमारतीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, अकरावीतली दोन मुलं आणि मी असे पाच जण. धागा काढायचं कारण म्हणजे एक कुत्री उरली आहे, तिचं नाव काळी. भाद्रपद तोंडावर आलाय. ती आत्ता माजावर आली की त्रेसष्ट दिवस धरा, कार्तिक-मार्गशीर्षात ऐन थंडीत सहा पिल्लं. म्हणजे नऊ ऑपरेशनांवर पाणी.

आधी अनुभव सांगते, मग प्रश्न विचारते.

पहिली चूक. महापालिकेच्या नंबरवर फोन केला आणि गाडी आली की ती आपलं बघून घेईल असं समजून घरात बसलो. गाडी तिसऱ्या खेपेला आली. जाळी टाकणारे दोघे चपळ होते, पण कुत्री त्यांच्यापेक्षा चपळ. गाडीच्या आवाजानेच सगळ्या माद्या पार्किंगच्या भिंतीवरून पसार. सापडले कोण? ढब्बू आणि पांढऱ्या. दोघे म्हातारे आणि लाडावलेले, नुसतं "ये" म्हटलं असतं तरी गाडीत चढून बसले असते. त्यातला ढब्बू तर आधीच झालेला निघाला, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला पाडतात ती खाच केसात लपलेली होती. थोडक्यात, माणसाळलेले तेवढे सापडतात आणि ज्यांना न्यायचं असतं त्या निसटतात.

मग ठरवलं की रोज खायला घालणारा माणूस गाडीच्या आधी हजर पाहिजे. इस्त्रीवाले काका पट्टा घालून मादीला धरून उभे राहायचे, गाडी कोपऱ्यावर थांबवायची, काका चालत नेऊन हातात द्यायचे. अशा सहा गेल्या, एकदाही जाळी लागली नाही.

दुसरी चूक उपाशी ठेवण्यातली. भूल द्यायची तर आदल्या रात्रीपासून पोट रिकामं हवं. आम्ही पाचही जणांनी काटेकोर पाळलं. आणि सकाळी सहाला पहिल्या मजल्यावरच्या आजींनी नेहमीप्रमाणे दूधपोळी खाली ठेवली! लाली गाडीतच ओकली, तिचं ऑपरेशन पुढे ढकललं. आजींना राग आला तो वेगळाच, "मुक्या जिवाला उपाशी ठेवता?" तेव्हापासून आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागत नाही, खायला घालणारी निम्मी माणसं ग्रुपवर नसतातच.

तिसरी गोष्ट परत सोडण्याची. जिथून उचललं तिथेच सोडायचं असा नियम आहे, पण पांढऱ्याला दोन चौक पलीकडे सोडून गेले. तिसऱ्या दिवशी कान फाटून, लंगडत घरी आला. आता आम्ही उचलताना गाडीवाल्याच्या वहीत इमारतीचं नाव आणि खूण स्वतः लिहून घेतो, नावापुढे माझा नंबर.

आता प्रश्न. काळी हाताला येत नाही. दहा फुटांवरून खाते, पट्टा दिसला की गायब. जाळीवाल्यांना दोनदा हूल दिली. कोणी अशी कुत्री पकडली आहे का? गुंगीचं औषध खाण्यातून घालावं का? (डॉक्टर नाही म्हणाले, पण बरेच जण सुचवतात.)

पिठलंभाकर

वाचून दमले! मांजरांचंही लिही ना. आमच्याकडे टेरेसवर सात आहेत आणि सेक्रेटरी रोज नवं पत्रक लावतात.

टाकेवाला

पशुवैद्य आहे, म्हणून आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. खाण्यातून गुंगी अजिबात देऊ नका. किती खाल्लं, कधी चढेल, आधी पोटात काय होतं, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. अर्धवट गुंगीत कुत्री रस्त्यावर धावते आणि गाडीखाली येते, नाहीतर कोपऱ्यात जाऊन पडते आणि ओकारी श्वासनळीत जाते. दोन्ही पाहिलंय.

काळीसाठी पिंजरा लावा. मोठा, कुत्र्याचा. पण पहिल्या दिवशी दार पाडायचं नाही. आठवडाभर दार बांधून ठेवा आणि जेवण रोज त्याच जागी, रोज वीतभर आत सरकवत. आठव्या-नवव्या दिवशी ती शेपटीसकट आत जाऊन खाईल, त्या दिवशी दोरी सोडा. घाई केली तर ती पिंजरा जन्मभर ओळखेल.

आणखी एक. पोटात पिल्लं आहेत किंवा अंगावर पिणारी आहेत असं वाटलं तर न्यायच्या आधी सांगा. पिणारी पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आई उचलत नाहीत. आणि सहा महिन्यांखालच्या पिल्लांचा आग्रह धरू नका, सरकारी केंद्रं घेत नाहीत ते बरोबरच आहे.

कवडी

@टाकेवाला, धन्यवाद डॉक्टर. दोरीचं डोक्यात आलं नव्हतं. कुत्र्याचा पिंजरा इथे कोणाकडे नाही, वेल्डिंगवाल्याला विचारते.

@पिठलंभाकर, मांजरांची गोष्ट वेगळी आहे ताई. कुत्र्यांसाठी निदान गाडी येते, मांजरांसाठी आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नवे नियम (२०२३ चे) कुत्र्या-मांजरांना सरसकट "सामुदायिक प्राणी" म्हणतात, पण प्रत्यक्षात मांजर हा खासगी खर्च. आम्ही वर्गणी काढली आणि सवलतीत करणाऱ्या डॉक्टरांकडे आठवड्याला दोन असं नेलं.

पिंजरा उधारीचा. आमिष म्हणून आधी कॅटफूड ठेवलं, कोणी वास घेतला नाही. मग वॉचमन म्हणाला, "ताई, सुकट ठेवा." रात्री अकराला ठेवली, साडेअकराला खट्ट! अंगावर चादर टाकली की मांजर लगेच गप्प होतं, हे मात्र खरंच शिकण्यासारखं. उघडा पिंजरा नेलात तर नाक आपटून रक्त काढून घेतं.

चौदा मांजरं म्हणतेय, पण पिंजऱ्यात आली असतील वीसेक वेळा. एक पिवळा बोका तीनदा आला. ऑपरेशन झालेलं, डावा कान टोकाला सरळ कापलेला, तरी सुकटीसाठी मुद्दाम आत बसायचा आणि सकाळी सोडलं की आळोखेपिळोखे देत जायचा. एकदा चौथ्या मजल्यावरच्या काकूंची सोनी सापडली, गळ्यात घुंगरू असूनही अंधारात आमच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी पोटाच्या बाजूचा जुना टाका बघून फोन केला, "हिचं झालंय हो." काकू आठ दिवस बोलत नव्हत्या.

भाट्यांचं एक लक्षात ठेव. पिल्लं अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते. "पिल्लं मोठी झाली की बघू" म्हणेपर्यंत पुढचं वेत पोटात असतं. पिल्लं खायला लागली, दोन महिन्यांची झाली की लगेच आईला ने.

बाराखडी

सगळे कौतुक करताहेत, मी वेगळं बोलतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी शाळेच्या बसथांब्यावर कुत्रा चावला. पोटरीला तीन दात. त्या कुत्र्याच्या कानालाही खाच होती, म्हणजे "झालेलाच" होता. नसबंदी केली म्हणजे चावत नाही असं काही आहे का? आणि मुलीने आता त्या रस्त्याने जायचंच बंद केलंय, तिला काय सांगू? तुमच्या प्राणिप्रेमाचं ओझं आमच्या पोरांनी का उचलायचं?

ओवी_०७

माणसाच्या पोरांना चावलं की मग कुत्र्याला दोष. कुत्र्याच्या पिल्लांवर गाडी गेली तेव्हा कोण विचारतं?

कवडी

@ओवी_०७, कृपा करून असं नको. मुलगी सहा वर्षांची आहे.

@बाराखडी, नाही, खाच म्हणजे चावणार नाही याची हमी नाही. माजाच्या दिवसांत मादीमागे टोळी लागते आणि पिल्लं असलेली आई अंगावर येते, हे दोन्ही नसबंदीने थांबतं. भिऊन चावणारा, डिवचल्यावर चावणारा, अन्नावरून गुरगुरणारा तसाच राहतो. आणि शाळेच्या थांब्याशेजारी खायला घालणं ही चूकच. २०२३ च्या नियमातच लिहिलंय की खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्या-दारांपासून लांब हवी, आणि मुलं-म्हातारी माणसं बाहेर असतात त्या वेळी घालायचं नाही. आम्हीही आधी गेटसमोर घालायचो. एका वडिलांनी झापलं तेव्हा ट्रान्सफॉर्मरमागे, रात्री दहानंतर, असं केलं. त्यांचं बरोबर होतं. मुलीचे सगळे डोस झाले ना?

बाराखडी

झाले. पण पहिल्या दिवशी शेजारणीने जखमेवर हळद आणि मिरची दाबली होती, दवाखान्यात जायला संध्याकाळ झाली. अजून झोप उडते.

टाकेवाला

हे इथेच सविस्तर लिहितो, धाग्यातलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

चावला, ओरखडलं, किंवा कातडी सोललेल्या जागी चाटलं (मांजरही धरा), तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात, बहुतेक जण दोन मिनिटांत उठतात. हळद, मिरची, चुना, तेल काही नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट झाली, त्या भीतीने उशीर करू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते आवर्जून विचारा. नुसत्या लसीला प्रतिकारशक्ती तयार करायला दिवस लागतात, तोवर हेच औषध राखण करतं. कुत्रा दहा दिवस धडधाकट दिसला तर त्या चाव्यातून रेबीजची भीती नाही, पण दहा दिवस बघून मग लस घेऊ असं करायचं नाही. लक्षणं सुरू झाली की उपाय उरत नाही.

कवडीताई, तुम्ही पाचही जणांनी चावण्याआधीच घ्यायच्या रेबीजच्या लसी घेतल्यात का? ०, ७ आणि २१ किंवा २८. रोज कुत्री हाताळता म्हणून विचारतो.

कवडी

मी आणि काकांनी घेतल्यात. मुलांच्या आया आजच विचारत होत्या, सांगते.

माडाची_सावली

म्हापशाहून लिहितेय. गोव्यात २०१३-१४ पासून मिशन रेबीज या संस्थेचे गट वाड्यावाड्यांतून फिरतात. गावात सकाळी जाळीवाले, मागे लस टोचणारे, आणि टोचलेल्या कुत्र्याच्या पाठीवर रंगाची खूण. संध्याकाळी दुसरा गट येऊन खुणेची किती आणि बिनखुणेची किती ते मोजतो. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस हे त्यांचं गणित, त्याखाली गेलं की रोग पुन्हा फिरतो. शाळांतही जाऊन शिकवतात. २०२१ मध्ये सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं.

माझं म्हणणं एवढंच, नसबंदी आणि लस ही दोन वेगळी कामं आहेत. नसबंदी एकदाच. लस पुन्हा पुन्हा. खाच दिसली की लोक निश्चिंत होतात, पण ती लस तीन वर्षांपूर्वीची असते. तुमच्या नऊ कुत्र्यांना दर वर्षी कोण टोचतं?

कवडी

प्रामाणिक उत्तर: पहिल्या वर्षी झालं. या वर्षीचं पाच जणांचं झालंय, चार बाकी. वही काढली आहे.

जुन्नरी

शहरातल्या लोकांना एक विनंती. तुमच्याकडचे लोक पिल्लं खोक्यात घालून आमच्याकडे शेतावर सोडून जातात. "मोकळी हवा, खेळायला जागा." आमच्याकडे उसात बिबट्या आहे. रात्री बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी ताट वाढलेलं. माझ्या घरची गेल्या चार वर्षांत तीन गेली. आता गळ्यात खिळ्यांचा पट्टा आणि रात्री ओट्यावर लोखंडी पिंजऱ्यात. शहरातलं दीड महिन्याचं पिल्लू, ज्याला भुंकायचं की पळायचं कळत नाही, ते इथे महिनाभरही टिकत नाही.

"राखणीला पाहिजे" म्हणून कोणी मागितलं तर देण्याआधी विचारा, रात्री कुठे झोपवणार?

कवडी

@जुन्नरी, भाऊ, हे वाचून पोटात गोळा आला, कारण सुरुवातीला दोन पिल्लं आम्हीही "फार्महाऊसवर" दिली होती. तीन महिन्यांनी फोन केला तर नंबर बंद.

दत्तक द्यायचं म्हणजे फोटो टाकून फोनची वाट बघणं नाही, हे तेव्हा कळलं. आता आमच्याकडे असं चालतं: फोनवर सगळ्या घराला विचारायचं, एकट्या मुलाला नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोलायचं. मांजर असेल तर खिडक्या-गॅलरीला जाळी बसवलेली डोळ्यांनी बघायची, "पुढच्या महिन्यात बसवतो" चालत नाही. पिल्लू आपण स्वतः घरी नेऊन द्यायचं. लिफ्टमध्ये शेजारी भेटतात, ते घराबद्दल जे सांगतात ते घरचे सांगत नाहीत.

तरी परत येतात. एक करडं मांजर अकराव्या दिवशी परत आलं, कारण काय तर "रात्री उठवतं". मांजरच ते!

पिल्लू मादी असेल तर घर मिळत नाही, काळी असेल तर मांजर अपशकुनी ठरतं आणि कुत्री फोटोत दिसत नाही. काळ्या पिल्लांचे फोटो सकाळच्या उन्हात पिवळ्या ओढणीवर काढा, फरक पडतो. मादीच्या बाबतीत मी सरळ सांगते की सहाव्या महिन्यात ऑपरेशन आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ. त्यावर तीन घरं मिळाली.

नानबा

माझा प्रतिसाद अवांतर आहे, सोडून द्यायचा तर द्या. मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला माणसं लावली, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होतं. बक्षिसाच्या लोभाने पकडणारे दारातली कुत्रीही ओढायला लागले आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. दंगल झाली, दुकानं बंद. म्हणजे हे भांडण दोनशे वर्षांचं आहे, आपल्या सेक्रेटरींनी शोधलेलं नाही. आणि आपल्याकडे तर नामदेव कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते.

बाराखडी

नामदेवांना पोटरीला तीन दात लागले नव्हते. (हसून लिहितोय.)

काळाकोट

कोर्टाचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो, कारण सोसायट्यांत अर्धवट कात्रणं फिरतात. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडू नका, रस्त्यावर कुठेही खायला घालू नका, वॉर्डावॉर्डात ठरवलेल्या जागी घाला. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचं सांगितलं. म्हणजे गल्ली आणि शाळेचं आवार यांना एकच न्याय लागत नाही. सेक्रेटरी पहिल्या आदेशाचं कात्रण दाखवतील, प्राणिमित्र दुसऱ्याचं. दोघांनाही तिसरं दाखवा.

जाता जाता, १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव.

पिठलंभाकर

मग सगळी उचलून नेली तर काय बिघडतं? खरंच विचारतेय, भांडत नाही.

कवडी

आमच्या मागच्या गल्लीत कोणीतरी एका रात्रीत सगळी गायब केली होती. महिनाभर शांतता. मग पुलापलीकडची पाच आली, बिनखाचेची, अनोळखी, सगळ्यांवर धावणारी. कारण गल्लीच्या तोंडाशी चिकनच्या दुकानाचा कचरा उघडा पडतो. तिथे अन्न आहे तोवर जागा रिकामी राहत नाही. जुनी, झालेली, वॉचमनला ओळखणारी कुत्री असली की ती बाहेरच्यांना घुसू देत नाहीत. दुकानदाराशी मी चार वेळा बोलले, आता झाकणाचा ड्रम आलाय, झाकण बहुतेक वेळा बाजूला पडलेलं असतं.

टाकेवाला

दत्तक देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, घाईत लिहितोय. गल्लीतली पिल्लं घरात आणताना पार्व्हो आणि डिस्टेंपर (पिल्लांचे जीवघेणे संसर्गजन्य रोग) डोक्यात ठेवा. पहिली लस दीड-दोन महिन्यांची असताना, आणि ती पुरी होईपर्यंत एका घरचं पिल्लू दुसऱ्या पिल्लांत मिसळू नका. पार्व्होचा विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो, फिनेलने जात नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्याच्या पिसवांचं औषधही मांजराला लावायचं नाही.

कवडी

पार्व्हो. पहिल्या वर्षी लालीची सात होती, जिन्याखाली खोक्यात. एकाने दुपारी खाल्लं नाही. रात्री त्या वासाने वॉचमनने मला उठवलं, तो वास एकदा आला की विसरत नाही. पाच दिवस सलाईन, मी ऑफिसला रजा टाकली. चार गेली. तीन वाचली, त्यातली एक आता अकरावीतल्या पोराच्या घरी सोफ्यावर असते. ते खोकं मी जाळलं.

ओकचं_पान

न्यू जर्सीहून. भारतातून इकडे कुत्रा आणायचा विचार असेल तर ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झालेत: निदान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप लावलेला, लसीचे कागद वेगळे. आईच्या गल्लीतली राणी आणायची होती, कागदांत पाच महिने गेले. आली. बर्फात पाय ठेवत नाही.

कवडी

बारा दिवसांनी लिहितेय. वेल्डिंगवाल्याने पिंजरा बनवला, दार दोरीवर. पहिले चार दिवस काळी बाहेरून मान लांब करून खायची, मागचे पाय रस्त्यावर. सहाव्या दिवशी पाऊस, आलीच नाही. नवव्या दिवशी पूर्ण आत, शेपूटसुद्धा. दोरी सोडायला मी उभी होते आणि ऐन वेळी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी वरून हाक मारली, "काळे, पोळी घे गं!" बाहेर.

काल रात्री आजींनाच खाली खुर्ची टाकून बसवलं, दोरी त्यांच्या हातात दिली. सव्वादहाला दार पडलं. चादर टाकली. आज सकाळी गेली, पोट रिकामं, वहीत नाव-पत्ता लिहून. डॉक्टर म्हणाले गाभण नव्हती, निदान चार दिवस ठेवतील.

@बाराखडी, तुमच्या थांब्याजवळ कोण खायला घालतं ते कळलं तर सांगा. रविवारी मी आणि काका येऊन बोलतो, जागा बदलून घेऊ. मुलीला यायचं असेल तर आणा, नसेल तर नको.

पिंजरा पुढच्या शनिवारपासून मोकळा आहे. कुत्र्याचा, मोठा. कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, न्यायला टेम्पो लागेल. सुकट आपली आपण आणायची.

पिठलंभाकर

मला हवा. मांजरांना चालेल का एवढा मोठा?

कवडी

चालेल, पण दोरी घट्ट बांध. पिवळा बोका तुझ्याकडेही येईल.